खाडा, रजा आणि मुक्काम : चाळीस चित्रांच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली, आज सकाळी पाहुणे गेले, दुपारी टेबल मोकळं केलं. दिवाळीच्या फराळाचे दोन डबे अजून रंगांच्या शेजारीच आहेत.

काम असं : लहान मुलांसाठी धान्यांचं पुस्तक, प्रकाशक पुण्याचे, चित्रं ४०. एका चित्राचे २,२०० रुपये, म्हणजे एकूण ८८,०००. त्यातले तीस टक्के, २६,४०० रुपये, आगाऊ आले आणि दिवाळीत गेलेसुद्धा. मुदत ३१ डिसेंबर. आजपासून ५८ दिवस. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, करडई, जवस, कारळं वगैरे. प्रत्येक धान्याचं रोप, फूल, दाणा आणि ताटातला पदार्थ. पद्धत नेहमीचीच : पेन्सिल, मग निबानं शाई, मग जलरंग, शेवटी स्कॅन करून संगणकावर साफसफाई.

याच वहीत या वेळी दुसरं एक काम लिहून ठेवतेय. विश्रांती घ्यायला शिकणे. मार्चमध्ये एक मोठं काम संपलं तेव्हा आठवडाभर हाताशी काही नव्हतं. त्या आठवड्यात मी कपाट रंगवलं, सहा वर्षांच्या फायली लावल्या आणि ओळखीच्या एका दुकानाची पाटी फुकट करून दिली, कारण नुसतं बसलं की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. थकवा तसाच राहिला, पाटी मात्र छान झाली.

तर योजना : रोज दुपारी ४ ते ४.४० काहीही करायचं नाही. रविवार बंद. हे लिहितानाच हसू आलं, पण असू दे.

९ नोव्हेंबर, शनिवार

चित्रं ४/४०.

चाळीस मिनिटांचा अहवाल. सोमवारी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि अकराव्या मिनिटाला उठून ब्रश धुतले. मंगळवारी पूर्ण चाळीस मिनिटं पडून राहिले आणि त्या वेळात पुढच्या तीन चित्रांची मांडणी डोक्यात करून टाकली. बुधवारी जमलं असं वाटलं, तर साडेचारला आईनं आत डोकावून विचारलं, "काय करलालीस गं?" मी दचकून उठून बसले आणि म्हणाले, "काम." छत्तीस वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, खोटं बोलली. गुरुवार-शुक्रवार लिहिण्यासारखे नाहीत.

ही सवय कुठून आली ते मला माहीत आहे. मी लातूरला दहावी-बारावी केलेली मुलगी. 'लातूर पॅटर्न' बाहेरच्यांना निकालाच्या आकड्यांतून माहीत असतो, आम्हाला तो तासांतून माहीत आहे. आमच्या घरी दोनशे पानी वही होती, तिच्यात रोज किती तास अभ्यास झाला ते लिहायचं. दहा झाले तर निळ्या पेननं, त्याखाली गेले तर लालनं. आणि ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवसासमोर मी लिहायचे : खाडा. हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता. दुधाच्या रतिबाच्या कॅलेंडरवर आई लिहायची, सालगड्याच्या हिशोबात काका लिहायचे, म्हणून मीही लिहिला. गडी आला नाही की खाडा, त्याचे पैसे कापायचे. मी स्वतःचीच मालकीण आणि स्वतःचाच गडी.

गंमत म्हणजे या नोंदींची मागची पानं चाळली तर कामाच्या वहीतही मी अजून तासच लिहिते. दोन हजार चारमधली ती वही संपलीच नाही म्हणायची.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चित्रं ८/४०. तुरीचं फूल तिसऱ्यांदा काढलं. पिवळं बरोबर येत नाही, पाकळीच्या पाठीवरच्या तांबूस रेषा काढल्या की ते एकदम वालासारखं दिसायला लागतं. फोटो चुलतभावानं रानातून पाठवलेत, हललेले. गाव औसा तालुक्यात, इथून तासाभराच्या अंतरावर, पण जायला वेळ कुठंय. हे वाक्य मी लिहिलं आणि परत वाचलं. असो.

भाऊ फोनवर सोयाबीनचंच बोलत होता. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात भाव त्याच्या खाली. त्याच्या बोलण्यानंतर "मी आज दमलेय" असं म्हणायची हिंमत होत नाही. त्याची कंबर वाकलीय, माझी खुर्ची गादीची आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. सार्वजनिक सुट्टी. सकाळी सातला रांगेत लागून आठला परत, साडेआठला टेबलावर. बोटावरची शाई आणि निबाची शाई शेजारी शेजारी. आठवडाभर गल्लीत फिरणारे भोंगे सोमवारी संध्याकाळीच बंद झाले, ती शांतता इतकी चांगली वाटली की मी तिचा उपयोग करून घेतला. तीन चित्रं. १३/४०.

उपयोग करून घेतला. शांतताही वाया जाऊ दिली नाही मी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्री एका क्लासचं होर्डिंग केलं. क्लासचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी सातला फोन, "मॅडम, सकाळी सातला प्रिंटिंगला जायचंय", बावीस मुलांचे चेहरे, बावीस नावं, बावीस गुण. प्रत्येक चेहऱ्यामागची भिंत माउसनं कोरून काढायची. पाच हजार मिळणार होते, मी हो म्हणाले. सकाळी सहाला फाइल पाठवली. आठला उत्तर आलं, होर्डिंग परवा लावणार आहोत, घाई नाही, दोन नावं बदला.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पहाटे चारपासून ठणका आहे. चहाचा कप उचलताना निसटला.

पुस्तकाची चित्रं १७/४०, शनिवारपासून हात लावलेला नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांनी अंगठा मुठीच्या आत दुमडायला सांगितला आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं. मी ओरडले, त्यांनी कागदावर लिहिलं. डी क्वेरवेन. अंगठा हलवणाऱ्या दोऱ्या मनगटाजवळ एका अरुंद नळीतून जातात, त्या नळीचं आवरण सुजलं की प्रत्येक हालचालीला घासतं. बाळंतिणींना होतं म्हणाले, बाळ उचलून उचलून. मला म्हणाले, "तुमचं बाळ कोणतं?" मी होर्डिंग म्हणाले.

अंगठ्यासकट मनगट धरणारा पट्टा, बर्फाचा शेक, तीन आठवडे पेन-ब्रश-माउस बंद. नाही थांबलं तर इंजेक्शन. तीन आठवडे म्हणजे २० डिसेंबर. उरलेली चित्रं २३. पुढचे अकरा दिवस. भागाकार मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच केला.

२ डिसेंबर, सोमवार

पट्टा बांधून चौथा दिवस. एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवते (डाव्या हातानं टाइप करतेय, चुका माफ).

या चार दिवसांत अपराधी वाटलं नाही. पैशाची काळजी वाटली, मुदतीची भीती वाटली, पण दुपारी आडवी झाले तेव्हा छातीवर पाटा नव्हता. शेजारच्या काकू आल्या, पट्टा बघून म्हणाल्या, "आई गं, आराम कर बाई." भाजीवाला म्हणाला, "ताई, हाताला जपा." गेल्या दहा वर्षांत मला एवढ्या लोकांनी आराम करायला सांगितलेलं नाही. आणि नेमकं गेल्या सोमवारी मी यापेक्षा जास्त दमले होते, पण तेव्हा दाखवायला काही नव्हतं.

म्हणजे पट्टा हा अर्जाला जोडलेला दाखला आहे. दुखण्याची रजा मंजूर, बिनदुखण्याची नामंजूर. मंजूर करणारी मीच असले तरी.

आईचं मत वेगळं आहे. तिला हात दुखतो हे पटलंय, पण थकण्याबद्दल ती ठाम आहे. "बसूनच तर काम करलालीस की. दमायला काय झालं?" तिच्या हिशोबात बसणं म्हणजेच विश्रांती. ती बसते तेव्हा तिच्या मांडीवर सूप असतं, शेंगा असतात, नाहीतर कुणाचीतरी वाकळ शिवायला घेतलेली असते. मग मी दिवसभर बसून असते, त्यावर आणखी विश्रांती कसली मागतेय? तिच्यापुढं मला हे आजवर समजावता आलेलं नाही. खरं तर स्वतःलाही नाही. आमच्या जिल्ह्यात लोक उसाच्या फडात, रोजगार हमीच्या कामावर, आडतीत पोती उचलून दमतात. दाणा रंगवून कोण दमतं?

आज तिनं माझ्या वाटणीच्या लसणाच्या पाकळ्याही सोलल्या. बोलली काही नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी अण्णांजवळ बसले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत चालक होते, लातूर आगार, नोकरीची बरीच वर्षं निलंग्याकडच्या मुक्कामी गाडीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गाडी खेड्यात जाते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत येते. चालक-वाहक गाडीतच झोपतात, नाहीतर देवळाच्या ओसरीत. कुणाच्या तरी घरून भाकरी येते. सकाळच्या फेरीला शाळेची पोरं आणि दुधाच्या किटल्या.

मी त्यांना माझ्या वहीतला खाडा सांगितला. हसले. मग म्हणाले, "खाडा येगळा, रजा येगळी. न सांगता आला न्हाई तो खाडा. अर्ज केला, सायबानं सही केली, बदली ड्रायव्हर लागला, ती रजा. गाडी दोन्ही येळेला तू चालवत न्हाईस, पण रजेच्या दिवशी झोप लागती."

मी म्हणाले, "आणि मुक्काम?"

"मुक्काम तर ड्युटीच की. शेड्यूलमधीच लिवलेला असतोय. गाडी का थांबवलीस म्हणून कुणी इचारत न्हाई. पोचायला उशीर झाला तर झोप कमी हुती, ते खरंय." थोडं थांबून म्हणाले, "तुझं समदं खाड्यातच चाललंय. रजेचा अर्जच न्हाई तुझा."

"कुणाकडं करू अर्ज? मी मोकळी आहे अण्णा, मला साहेब नाही."

"ज्याचं काम करतीस त्याच्याकडं."

इतकं साधं असेल असं मला वाटत नाही. पण रात्रभर डोक्यात राहिलं. आम्ही घरून काम करणारे, स्वतःच्या मर्जीचे धनी म्हणवतो. साहेब नाही म्हणजे सही करणाराही नाही, ही बाजू मी कधी बघितली नव्हती. चोरून घेतलेल्या दुपारी असतात त्या सगळ्या. चोरलेल्या वस्तूसारख्याच त्या वापरताही येत नाहीत.

९ डिसेंबर, सोमवार

संपादक ताईंना फोन केला. आधी दोन पानांचा मेल लिहिला होता, डॉक्टरांच्या कागदाचा फोटो जोडून, माफीचे पाच वेगवेगळे प्रकार वापरून. तो पुसला. फोनवर सांगितलं की हाताचं असं झालंय, १७ चित्रं तयार आहेत, बाकीची ३१ जानेवारीला देईन. आणि दर सोमवारी मी काम करणार नाही, फोनही घेणार नाही. आज सोमवार आहे हे मला बोलताना लक्षात आलं.

त्या म्हणाल्या, "अहो चालेल की. छपाई फेब्रुवारीच्या शेवटी लागणार आहे. ३१ डिसेंबर आम्ही सगळ्यांनाच लिहितो."

सगळ्यांनाच लिहितो! फोन ठेवल्यावर पहिली पाच मिनिटं हलकं वाटलं, मग चांगलाच राग आला. पस्तीस दिवस मी ज्या तारखेला घाबरून होते ती तारीख म्हणजे पीठ मळताना जास्तीचं घेतात तसलं काहीतरी होतं. राग त्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त. आजवर किती मुदती मी न विचारता पाळल्या असतील.

आणि हो, ३० तारखेला येळवस आहे (मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव रानात जाऊन पूजा करून जेवतं तो आमचा सण), त्या दिवशी तर अजिबातच मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. "काय आहे?" त्यांनी विचारलं. पुण्याच्या माणसाला येळवस समजावणं हे एक स्वतंत्र काम आहे, त्याचे पैसे लावायला हवेत.

१६ डिसेंबर, सोमवार

काम नाही. पट्टा आहे. हवेत धुई, भाऊ म्हणतो तुरीचं फूल गळतंय.

तिसरा आठवडा कंटाळ्याचा निघाला. विश्रांतीत कंटाळा असतो हे कुणी सांगत नाही. सगळे समुद्रकिनारे आणि वाफाळता चहा दाखवतात. मी गच्चीवर बसून समोरच्या अभ्यासिकेची खिडकी मोजली. तेवीस मुलं, सगळ्यांच्या माना सारख्याच कोनात. अर्ध्या तासात एकानंही मान वर केली नाही, आणि मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू.

२२ डिसेंबर, रविवार

पट्टा आता फक्त रात्री. दिवसातून दोन तास काम, दर वीस मिनिटांनी थांबून. चित्रं १९/४०. निबाला मी कापडाची पट्टी गुंडाळून जाड केलंय, पकड सैल राहते. हे आधीच करायला हवं होतं. ज्वारीचं कणीस (चित्र २०) काढायला घेतलं आणि सोडलं. शाळूचं कणीस दाण्यादाण्यानं काढलं की मक्यासारखं दिसतं, ढोबळ काढलं की बुजगावण्याच्या मुठीसारखं.

२९ डिसेंबर, रविवार

उद्या येळवस. घरात उभं राहायला जागा नाही. आंबिलीचं पीठ भिजवून ताक घालून ठेवलंय, मडक्याला गार लागावं म्हणून ओलं फडकं. बाजरीचे उंडे, भज्जीसाठी तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, घेवडा, पातीचा कांदा, सगळं निवडून टोपल्यात. वहिनीचं माहेर बीदरकडचं, त्यांच्याकडं उद्या एळ्ळ अमावास्या, तेच आमचं येळवस. तिची आणि आईची दरवर्षी आंबिलीत लसूण किती यावरून चर्चा होते. यंदाही झाली, निकाल लागला नाही.

मी चित्रांची लहान वही पिशवीत तळाशी ठेवली. वरून टॉवेल. कुणापासून लपवतेय ते कळलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

हे मंगळवारी सकाळी लिहितेय.

सकाळी नऊला निघालो तेव्हा गंजगोलाई रिकामी होती. जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि एरवी रिक्षा वळवायला जागा नसते, तिथं एक कुत्रं चौकाच्या मधोमध पाय पसरून झोपलेलं. मार्गशीर्ष अमावास्येला लातुरात संचारबंदी असते, फक्त ती कुणी लावलेली नसते. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी, दुकानांना कुलूप, सगळं गाव रानात. आमच्या गल्लीत खोली करून राहणारी नांदेडची दोन पोरं मेस बंद म्हणून आमच्याबरोबर आली. एकानं जीवशास्त्राच्या नोट्स बरोबर घेतल्या होत्या. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्या पिशवीकडं बघितलं नाही हे बरं झालं.

रानात भावानं कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केली होती. आत पाच पांडव, चुना लावलेले दगड. पूजा झाली, मग अण्णा आणि भाऊ 'ओलगे ओलगे' करत आंबील शिंपडत रानाला फेरी मारून आले. ज्वारी छातीएवढी, बरीच पोटरीत (कणीस अजून पानांच्या आत), बांधाकडची थोडी निसवलेली (कणीस बाहेर आलेली). हरभऱ्यात घाटे अजून कोवळे, शेंडे खुडले तर बोटांना आंबट लागत होते. जवसाला निळी फुलं, सकाळची उघडलेली. आठ आठवडे मी या सगळ्यांची हललेली छायाचित्रं बघून चित्रं काढतेय.

जेवणाचं वर्णन करत नाही, कारण भज्जी-आंबिलीचं वर्णन होत नाही, ती खावी लागते. दोन वाजेपर्यंत बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून बसवणं चालू होतं. ओळखीचा असो वा नसो. एक जण मोटारसायकलवर पत्ता विचारायला थांबला आणि खीर खाऊन गेला. पत्ता त्यानं परत विचारलाच नाही.

मग ते घडलं ज्यासाठी मी ही नोंद लिहितेय. तीनच्या सुमाराला कोपीच्या सावलीत आई झोपली. डोक्याखाली रिकामं टोपलं पालथं घालून, पदर तोंडावर घेऊन, चक्क घोरत. मी आईला दिवसा झोपलेली पाहिलेली नाही. तापातसुद्धा ती उठून बसायची. मी वहिनीला खुणावलं, तर वहिनी स्वतःच आडवी. अण्णा बांधावर घोंगडीवर. नोट्सवालं पोरगं नोट्स छातीवर ठेवून. शेजारच्या रानात, त्याच्या पलीकडच्या रानात, नजर जाईल तिथवर प्रत्येक कोपीपाशी माणसं लोळलेली. एवढी काळी जमीन आणि तिच्यावर कुणीच वाकलेलं नाही, हे दृश्य वर्षात फार तर एवढ्या एकाच दुपारी दिसत असेल.

मीही पडले. किती वेळ ते माहीत नाही. घड्याळ पिशवीत होतं. पाटा छातीवर येतो का याची मी वाट बघत होते, आणि वाट बघताना डोळा लागला.

फोन वाजला नाही. ज्यांचा वाजला असता तेही कुठल्या ना कुठल्या रानात आडवे होते. होर्डिंगवाला क्लाससुद्धा. पुण्याहून वाजू शकला असता, पण तिथं सांगून ठेवलं होतं. मला वाटतं आमच्या चाळीस मिनिटांच्या योजनेत हीच खोट होती : मी एकटीच दुकान बंद करून बसत होते आणि बाकीची बाजारपेठ उघडी होती. त्यात झोप कशी लागणार? आईलाही लागत नाही. तिला झोपायला अख्खा जिल्हा झोपावा लागला.

जाग आली तेव्हा भावाची मुलगी माझ्या पिशवीतून चित्रांची वही काढून बसली होती. सहा पानं तिनं भरली होती. एक पान कोपीचं, एक आजीच्या घोरण्याचं (तोंडातून निघणारे मोठे गोल), बाकी चार कसली ते तिलाच सांगता येईना. मी पेन्सिल मागितली नाही. हात दुखत नव्हता, तरी मागितली नाही.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

चित्रं २२/४०.

संपादक ताईंना येळवसचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग आता ज्वारी मस्त येईल ना!" सगळ्यांना हेच ऐकायचं असतं. मोकळीक मिळाली आणि काम खुललं. तर नोंद करून ठेवते : ज्वारीचं चित्र परवा काढलं आणि ते अजूनही वाईट आहे. दाणे आता मक्यासारखे दिसत नाहीत, डाळिंबासारखे दिसतात. रानात जाऊन झोपल्यानं कणीस काढता येत नाही. ते काढून काढूनच येतं, किंवा येत नाही.

सुट्टीचा पैसा कामाच्या खात्यात जमा करून दाखवायचा, हा पुन्हा तोच लाल-निळ्या पेनचा हिशोब. त्या दुपारी मी झोपले, झोप छान होती, संपलं.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

सोमवार बंद, पण ही नोंद काम नाही असं मी ठरवलंय.

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, खेंगट (भोगीची मिसळ भाजी). गेल्या आठवड्यात नव्या कामाची चौकशी आली होती (शनिवारी उत्तर दिलं). कोटेशनमध्ये पहिल्यांदाच तीन ओळी घातल्या : सोमवारी काम बंद. संध्याकाळी सातनंतर आलेलं काम दुसऱ्या दिवशी मोजलं जाईल. रात्रीत हवं असेल तर दर दुप्पट. समोरच्यानं पहिल्या दोन ओळींवर काही म्हटलं नाही, तिसरीवर घासाघीस केली. म्हणजे रात्रीत हवंच होतं त्यांना. मी नाही म्हणाले. ते काम गेलं. अठरा हजारांचं होतं. रात्री साडेतीनपर्यंत झोप आली नाही, हेही लिहायला हवं.

तासांचा रकाना मात्र मी या आठवड्यापासून बंद केलाय. फक्त चित्रांचा आकडा. ३०/४०.

आईनं आज दुपारी विचारलं, "आज तुझा सोमवार का?" मी हो म्हणाले. "मग ये, शेंगा सोल." मी म्हणाले, हात. ती म्हणाली, "डाव्यानं सोल." सोलल्या. तिच्या बाजूनं बघितलं तर हा विनोद नव्हता, आमंत्रण होतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

४०/४० पाठवली. ज्वारीचं कणीस चौथ्या खेपेला बरं झालं. उत्तम नाही, बरं. करडई सगळ्यात चांगली आली, तिचे काटे काढताना मला मजा आली म्हणून असेल. अंगठा थंडीच्या सकाळी जरा कुरकुरतो. बाकी रक्कम पुढच्या महिन्यात देतो म्हणालेत, ६१,६०० रुपये. अंगठ्याचा खर्च २,९५०.

काल रात्री अण्णा म्हणाले, त्यांची जुनी मुक्कामी गाडी अजून चालू आहे, आगारात चौकशी करून आलेत. निवृत्त झाल्यापासून एकदाही त्या गाडीत बसलेले नाहीत. सोमवारी संध्याकाळी जाऊ म्हणतात, गावात ओळखीचं घर आहे, पहाटेच्या फेरीनं परत. मला गाडी चालवायची नसली की कसा दिसतो बघू दे रस्ता, म्हणाले. आई म्हणाली मी नाही बाई येणार, आणि तासाभरानं विचारलं की भाकरी किती बांधायच्या.

सतरंजी घ्यायला सांगितलीय. देवळाच्या ओसरीत डास फार असतात म्हणे.